कासवाची हरकत

खरा स्वयंसेवक नावासाठी काम करत नाही. हे वाक्य मंडळाच्या नियमावलीत पहिल्याच पानावर होतं, आणि ते कासवाने लिहिलं होतं, खाली स्वतःचं नाव घालून.

शनिवारी सकाळी सव्वाअकरा वाजता मात्र कासव ऑफिसच्या संगणकावर सहा शब्दांचं दुसरंच एक वाक्य चौथ्यांदा वाचत होता, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. ‘सुंदर पॅकेजबद्दल टिटवी यांचे मनापासून आभार.’ त्यातलं ‘मनापासून’ त्याला जास्त लागलं. ‘सुंदर’ एक वेळ चाललं असतं.

टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे लिफ्टचा मिस्त्री होता.

“साहेब, लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अडकलीय असं लिहून पाठवलंत ना तुम्ही?”

“हो. मग?”

“बिल्डिंगला मजले दोनच आहेत.”

“नीट बघा.”

“वर गच्ची आहे साहेब. गच्चीवर कपडे वाळत घातलेत. लिफ्ट नाहीये.”

कासवाने नोंदवही ओढली, पत्ता शोधला, तिसऱ्याचा दुसरा केला आणि फोन ठेवला. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तो बावीस वर्षं तक्रारी उतरवून घेत होता. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. ही गोष्ट नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात गमतीची वाटे, दुसऱ्या आठवड्यात गुडघे दुखू लागत.

पण ही झाली पोटापाण्याची नोकरी. कासवाचं खरं आयुष्य तिच्या बाहेर होतं. संगणक चालवणाऱ्या लिनक्स या फुकटच्या प्रणालीचे जे असंख्य पंथ आहेत, त्यांतल्या एका बारक्या पंथाच्या मंडळात तो स्वयंसेवक होता. तिथे कुणी खऱ्या नावाने वावरत नसे. याने कासव हे नाव घेतलं होतं, आणि सवयीने आता घरचेही अधूनमधून त्याच नावाने हाक मारत. त्याच्याकडे एक ब्राउझर होता. म्हणजे त्याने लिहिलेला नव्हे. लिहिणारा दूरच्या कुठल्याशा गावातला एक अबोल माणूस होता, ज्याला मंडळात सगळे ‘कर्ता’ म्हणत. हा ब्राउझर लिस्प नावाच्या फार जुन्या भाषेत लिहिलेला होता. त्या भाषेत कंस इतके असतात की कासवाच्या बायकोने एकदा पडद्याकडे बघून, नखं कापून इथे का टाकलीत, असं विचारलं होतं.

कर्ता ब्राउझर लिहितो, पण तो तसाच उचलून कुणाच्या मशीनवर चालत नाही. त्याला सोबत काय काय लागतं ते हुडकायचं, सगळं एकत्र बांधायचं, आणि माणसाने एक ओळ टाइप केली की तो निमूटपणे बसला पाहिजे अशी सोय करायची, याला पॅकेज बांधणं म्हणतात. कासवाने हे काम सहा वर्षं केलं. दर नव्या आवृत्तीला नव्याने. त्या बदल्यात पॅकेजच्या माहितीपानावर एक ओळ होती, ‘सांभाळणारा: कासव’. कर्त्याने सहा वर्षांत त्याला एकदाच पत्र लिहिलं होतं. त्यात एकच शब्द होता, ‘ठीक.’ कासवाने ते छापून घेतलं होतं.

आणि आता ही टिटवी. चार महिन्यांपूर्वी मंडळात आली काय, सगळ्यांना ‘नमस्कार’ म्हणाली काय, आणि ब्राउझरच्या ताज्या आवृत्तीचं पॅकेज मुळापासून नव्या पद्धतीने बांधून मोकळी. कासवाचं पॅकेज उतरायला चाळीस मिनिटं लागत, हिचं म्हणे चार. आणि सकाळचं ते ‘मनापासून आभार’ खुद्द कर्त्याने लिहिलेलं. कासवाच्या मनात तिचं चित्र तयार होतं: बाविशीची, कानात सतत काहीतरी खुपसलेलं, रात्रंदिवस जागायची ताकद असलेली, जिला पाठदुखी कशाशी खातात हे ठाऊक नाही.

त्याने मंडळाच्या चावडीवर, म्हणजे सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी, तिच्यासाठी लिहिलं, ‘हार्दिक अभिनंदन’. मग ‘हार्दिक’ खोडलं. मग ‘अभिनंदन’ही खोडून ‘छान.’ एवढंच धाडलं, पूर्णविरामासकट.

तरी एक गोष्ट त्याच्या हातात होती. मंडळाचा रिवाज असा की जुन्या पॅकेजच्या जागी नवं यायचं असेल, तर ते जुन्या सांभाळणाऱ्याने तपासायचं. तपासून त्याने दोनांपैकी एक शब्द लिहायचा, ‘संमती’ किंवा ‘हरकत’. संमती लिहिली की माहितीपानावरचं नाव बदलतं, जुनं नाव ‘पूर्वीचे’ या यादीत जातं आणि ती यादी कुणी उघडत नाही. हरकत लिहिली की पॅकेज अडकतं. लिहिलेलं पुसता येत नाही. फार तर कारण देऊन मागे घेता येतं. मुदत रविवारी संध्याकाळी सहापर्यंत. ती टळली की दार बंद, ते एकदम सहा महिन्यांनी उघडणार.

म्हणजे सहा महिने ‘सांभाळणारा: कासव’.

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस. कासव घरी आला, जेवला, आणि स्वतःच्या मशीनसमोर बसून त्याने टिटवीचं पॅकेज उतरवलं. खरोखरच चार मिनिटं लागली. त्याला ते आवडलं नाही. ब्राउझर उघडला. खिडकी आली, क्षणभर थरथरली आणि नाहीशी झाली. पुन्हा उघडला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा उघडला तो निव्वळ सुखासाठी.

त्याने चावडीवर लिहिलं, ‘हरकत. ब्राउझर उघडताच कोसळतो. तीनदा पाहिले. घाईने बांधलेले दिसते. नोंद सोबत जोडली आहे.’ ब्राउझर कोसळताना आपल्या बाजूने जी कैफियत लिहून ठेवतो, ती चारशे ओळींची नोंद त्याने न वाचता जोडून दिली. अशी नोंद जोडायची असते. वाचत कुणीच नाही. अर्ध्या तासात तिघांनी अंगठे वर केले. कासवाने चहा मागितला आणि मिळालेल्या चहाची स्तुती केली, तेव्हा बायको संशयाने त्याच्याकडे बघून गेली.

रविवारी सकाळी टिटवीचा निरोप आला. चावडीवर नव्हे, खासगीत.

‘कासवराव, नमस्कार. तुमची नोंद वाचली. तीनशे सहाव्या ओळीपाशी बघाल का? ब्राउझर सुरू होताना तुमची स्वतःची सेटिंगची फाइल वाचतोय आणि तिच्यातल्या एक्केचाळिसाव्या ओळीवर पडतोय असं मला वाटतं. मी चुकत असेन. चावडीवर काही लिहिलेलं नाही.’

कासवाने नोंद उघडली. तीनशे सहावी ओळ काढली. वाचली आणि उठून दार लावून घेतलं.

या ब्राउझरची खासियत अशी की वापरणारा माणूस त्याच लिस्पमध्ये चार ओळी लिहून त्याला हवा तसा वळवू शकतो. कासवाने सहा वर्षांपूर्वी, कर्त्याच्या ‘ठीक’ नंतरच्या आठवड्यात, उत्साहाच्या भरात एक ओळ लिहिली होती. ब्राउझर उघडताच कोपऱ्यात एक पाटी दिसावी म्हणून. नव्या आवृत्तीत अशी पाटी लावायची जुनी रीत कर्त्याने काढून टाकली होती, त्यामुळे ब्राउझर तिथे अडखळून पडत होता. आणि पडताना त्याने प्रामाणिकपणे ती पाटी नोंदीत उतरवली होती, जी नोंद आता मंडळाच्या चावडीवर लटकत होती:

‘हे पॅकेज कासवाने बांधले आहे. आभार मानण्याची गरज नाही.’

नियमावलीच्या सातव्या पानावर लिहिलं होतं की तपासणी नेहमी कोऱ्या मशीनवर करावी, स्वतःच्या नव्हे. तेही कासवानेच लिहिलं होतं. या एका नियमावरून त्याने आजवर कितीतरी नवख्यांना उभं-आडवं झापलं होतं.

बायको आत आली. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची आणि रविवारी तिला कुणाचीही कैफियत ऐकायची नसे.

“दार का लावलंय?”

“काम चाललंय.”

“चेहरा तर मेल्यासारखा झालाय. काय केलंत?”

त्याने सांगितलं. सगळं नाही, पाटीचं गाळून. पण तिने पडद्याकडे पाहिलं आणि तीनशे सहावी ओळ स्वतःच वाचली. तिला हसू आलं, पण तेवढ्यापुरतं.

“आमच्याकडे नळीत आधीच दुसऱ्या कुणाचं रक्त असलं तर रिपोर्ट फाडून टाकतात,” ती म्हणाली. “पेशंटला आजारी ठरवत नाहीत.”

“ते वेगळं.”

“काय वेगळं?”

“तिथे कुणाचं नाव जात नाही.”

“नळी धुतली नाही म्हणून माझं गेलं असतं की.” तिने टेबलावरचा कालचा कप उचलला. “ती कोण टिटवी, तिने सगळ्यांसमोर सांगितलं का?”

“नाही.”

“मग बाई बरी दिसते.”

हे त्याला सर्वांत जास्त झोंबलं. टिटवीने चावडीवर त्याची लाज काढली असती तर तिचा नीट, मोकळ्या मनाने द्वेष करता आला असता. आता तेवढीही सोय राहिली नव्हती. तिचं पॅकेज त्याच्यापेक्षा दहापट चपळ होतं, कर्त्याने तिचे आभार मानले होते, आणि वर ती सभ्य निघाली होती. एकाच माणसाकडे किती गोष्टी असाव्यात याला काही धरबंध?

पण अजून सहा वाजायचे होते. कासवाने विचार केला की पाटी ही माझी चूक, मान्य. म्हणून पॅकेज निर्दोष आहे असं थोडंच सिद्ध होतं? कोऱ्या मशीनवर खरा दोष सापडला तर हरकत जागच्या जागी राहील, फक्त कारण बदलेल. कोरं मशीन एकच जवळ होतं. सासऱ्यांचा लॅपटॉप. तो दोन महिन्यांपूर्वी कासवानेच पुसून नवा केला होता आणि सासरे त्यावर पत्त्यांच्या खेळाशिवाय काही उघडत नसत. सासरे दोन गल्ल्या पलीकडे राहत.

“जावईबुवा, माझे पत्ते जायचे नाहीत ना?” सासऱ्यांनी लॅपटॉप देताना विचारलं. हातातून सोडला मात्र नाही.

“नाही हो बाबा. ब्राउझर तपासायचाय फक्त.”

“आहे की त्यात ब्राउझर.”

“हा वेगळा आहे. लिस्पमधला.”

“आहे तो बरा नाही का चालत?”

“तो चांगलाच चालतो.”

“मग?”

कासवाने लॅपटॉप हळूच त्यांच्या हातातून सोडवून घेतला. त्याने पॅकेज उतरवलं. साडेतीन मिनिटं. ब्राउझर उघडला आणि उघडाच राहिला. सासरे शेजारी खुर्ची ओढून बसले.

“टिचकी कुठे मारायची?”

“यात माउस लागत नाही बाबा. सगळं कीबोर्डवर. हे एक अक्षर दाबलं की पानावरच्या प्रत्येक दुव्याला नंबर येतो. नंबर दाबायचा.”

सासऱ्यांनी दाबला. पान उघडलं. त्यांनी आणखी एक दाबला. “अरे, हे बरंय,” ते म्हणाले. “हात दुखत नाही. हे तू केलंस?”

कासवाने खोकला काढला. “मंडळाने.”

दुपारी एक ते चार कासवाने त्या ब्राउझरचा छळ केला. एका वेळी साठ पानं उघडली. इंटरनेट मध्येच तोडलं. सिनेमा चालू असताना खिडकी लहानमोठी करत राहिला. उपजत दुष्टपणाने तारीख मागे नेली. लॅपटॉप झाकून पुन्हा उघडला. ब्राउझर प्रत्येक वेळी उठून उभा राहिला, आणि दर वेळी कासवाचं मन आणखी एक पायरी खाली उतरलं. चार वाजता त्याला एक दोष सापडला. पॅकेजच्या वर्णनात एका ठिकाणी दोन शब्दांमध्ये एकाऐवजी दोन जागा सुटल्या होत्या. तो त्या रिकाम्या जागेकडे बराच वेळ प्रेमाने बघत बसला.

तेवढ्यात टिटवीचा फोन आला. मंडळाच्या सोयीतून बोलता येत असे, पण सहा वर्षांत कुणी कासवाला फोन केला नव्हता. आवाज बाविशीचा नव्हता.

“कासवराव, त्रास देतेय. बोलू ना?”

“बोला.”

“कालपासून मलाच अपराध्यासारखं झालंय. तुम्ही म्हणाल ते. हरकत ठेवायची असेल तर ठेवा, मी थांबते सहा महिने. मला काही घाई नाही. एकसष्ट पूर्ण झाली, आता घाई कसली.”

कासव खुर्चीत सरळ झाला. “एकसष्ट?”

“भूगोल शिकवायचे शाळेत. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, तेवढ्यात हे शिकले. पाठ धरते हो फार.”

“कुठे शिकलात?”

“तुमच्या हरकती वाचून. चावडीवर एकशे बारा आहेत. सगळ्या उतरवून घेतल्यात वहीत.” मग तिने आवाज जरा उतरवला. “भाषा जरा जहाल असते तुमची. पण मुद्दा चुकलेला नसतो. म्हणून तर कालची वाचून मी आधी दोन तास माझंच तपासत बसले.”

कासव म्हणाला, “वर्णनात दुसऱ्या ओळीत एक जागा जास्त आहे.”

“अगंबाई. थांबा, लिहून घेते. एकशे तेरा.”

ती खरंच लिहून घेत होती. पेन शोधल्याचा आवाज आला. बाविशीच्या पोरीचा मत्सर करणं निदान रीतीला धरून होतं. त्याला जगात मान्यता आहे. आपल्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या, पाठ धरलेल्या, आपलेच शेरे वहीत उतरवून घेणाऱ्या बाईचा मत्सर करायला वेगळीच धमक लागते. कासवाने स्वतःला चाचपून पाहिलं. ती होती त्याच्याकडे. मत्सर तसूभरही कमी झालेला नव्हता. उलट आता त्यात ही भर पडली होती की त्याला स्वतःला हे शिकायला अकरा वर्षं लागली होती आणि हिला जेमतेम तीन.

“सहाच्या आत सांगतो,” तो म्हणाला.

पावणेपाच ते साडेपाच त्याने हरकत मागे घेण्याचं कारण लिहिलं. पहिल्या मसुद्यात ‘काही तांत्रिक कारणास्तव’ होतं. दुसऱ्यात ‘सखोल फेरतपासणीअंती’. तिसऱ्यात त्याने कर्त्यालाच थोडा दोष देऊन पाहिला की जुनी रीत न कळवता काढली. ते खोटं नव्हतं, म्हणून जास्तच खोटं वाटलं. सासरे मागे उभे राहून वाचत होते.

“एवढं मोठं काय लिहितोयस?”

“चूक झालीय एक.”

“तुझी?”

“हं.”

“मग ती एका ओळीत मावते,” सासरे म्हणाले. “दुसऱ्याची असली की पानं लागतात. माझे पत्ते उघड आता, सहाला माझा मित्र यायचाय.”

पाच छत्तीसला कासवाने चावडीवर लिहिलं, ‘हरकत मागे. मी स्वतःच्या मशीनवर तपासलं होतं. तीनशे सहाव्या ओळीतली पाटी माझी आहे.’ खाली लिहिलं, ‘संमती.’

दोन मिनिटं काहीच झालं नाही. मग नोंद उघडली जाऊ लागली. किती जणांनी उघडली ते शेजारी आकड्यात दिसत असे. चार झाले, सात झाले, अकरा झाले. एकाने लिहिलं, ‘कासवराव, तरीही आभार.’ त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. कासवाने ती मोजली, मग मोजणं सोडून दिलं.

पाच पन्नासला खुद्द कर्ता चावडीवर आला. हे फार क्वचित घडे. त्याने लिहिलं, ‘वा, टिटवी.’

कासवाने पडद्यावर जरा वरखाली करून पाहिलं की अजून काही लिहिलंय का. नव्हतं. त्याने ब्राउझर बंद केला, लॅपटॉपवरून पॅकेज काढून टाकलं, पत्ते उघडून दिले आणि सासऱ्यांच्या मित्रासाठी खुर्ची मोकळी केली. घरी जाताना त्याने फोनवर पॅकेजचं माहितीपान उघडलं. ‘सांभाळणारी: टिटवी.’ दुसऱ्या ओळीतली जास्तीची जागा तिने तेवढ्यात दुरुस्तही केली होती.

घरी बायकोने विचारलं, “काय झालं?”

“नळी धुतली.”

“मग चेहरा असा का?”

“नळी स्वच्छ आहे. चेहऱ्याचं वेगळं आहे.”

सोमवारी तो तीन मजले चढून ऑफिसला गेला आणि दिवसभर प्रत्येक तक्रारीत मजला दोनदा विचारून घेतला.

महिन्याअखेरीस मंडळाची मोजणी आली. कुठलं पॅकेज किती मशीनवर आहे याचा तक्ता दर महिन्याला लागतो. कासवाच्या शेवटच्या महिन्यात ब्राउझरसमोर आठ हा आकडा होता. टिटवीच्या पहिल्याच महिन्यात तो एकोणीस झाला. कासवाने तो तक्ता दुपारच्या सुट्टीत पाहिला आणि डबा तसाच बंद केला. एकोणीस म्हणजे दुपटीहून जास्त. सहा वर्षांत त्याचा आकडा दहावर कधी गेला नव्हता. तो संध्याकाळपर्यंत कुणाशी धड बोलला नाही, मिस्त्रीशीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी टिटवीने तक्त्याखाली खुलासा केला. त्यांतली अकरा मशीनं तिची चाचणीची होती, मोजणीतून वगळायची राहून गेली होती. उरलेली आठ पूर्वीचीच होती. त्यांतली तीन कासवाची.